गाडी पाणी खातेय, पण सांडत नाही

मे महिन्यातली दुपार, साधारण एक वाजलेला. माळशेज घाट चढून खुबी फाट्यावर गाडी बाजूला घेतली, तेव्हा टेंपरेचरचा काटा अगदी गुणी बाळासारखा खाली बसला होता. बॉनेटखालून मात्र तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्र आवाज येत होता.

घाट चढताना काटा मध्याच्या वर सरकला होता, तेव्हा मी घाबरलो होतो. बोगदा ओलांडल्यावर तो एकदम खाली आला आणि मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरून सेन्सर उघडा पडला, तर त्याच्याभोवती हवा नाहीतर वाफ राहते आणि काटा वाटेल ते दाखवतो. इंजिन भाजत असतं आणि काटा म्हणतो, सगळं ठीक. तेव्हापासून काटा चढला तर मी गाडी हळू घेतो, आणि चढलेला काटा कारणाशिवाय झपकन उतरला तर तिथंच बंद करतो.

पाऊण तास थांबलो. मग जुनं गोणपाट चौपदरी करून रेडिएटरच्या टोपणावर धरलं आणि थोडं थोडं फिरवत उघडलं. आमच्या चुलत्यांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेली आहे, ती अशाच एका घाईची आठवण. रेडिएटरमध्ये तीन लिटरच्या आसपास पाणी मावलं. आणि गाडीखाली रस्त्यावर? एक थेंब नाही.

माझी पिकअप २०१९ ची, बीएस-४, डिझेल. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. नारायणगावला टोमॅटोचा बाजार पडला की आमच्या ओतूर भागातले शेतकरी माल वाशीला पाठवतात. संध्याकाळी भरायची, घाट उतरून मुरबाड, कल्याण करत मध्यरात्री मार्केटला लागायची, सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत. जाऊन-येऊन तीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर. एप्रिलपासून दर फेरीला रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं औषधी पाणी, कमी होत होतं. आधी पेलाभर, मग अर्धा लिटर, आणि मे उजाडला तेव्हा लिटरभर. मी वरून पाणी घालत होतो आणि पुढच्या भाड्याला निघत होतो. सीझनमध्ये गाडी उभी ठेवायची कुणाची छाती होते?

घरी आल्यावर खुबीची हकिगत आबांना सांगितली. आबांनी वीस वर्षं मेटाडोर चालवली. त्यांनी ऐकून घेतलं, हूं केलं आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं. सकाळी आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "हळदीचा डबा कुणी रिकामा केला?"

आबांनी पहाटे रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाकली होती.

हसू नका. जुन्या ड्रायव्हर लोकांचा हा खात्रीचा इलाज होता. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, भोकापाशी ओढली जाते, तिथं फुगून थर धरते आणि बारीक गळती थांबते. तांब्या-पितळेचे, रुंद नळ्यांचे रेडिएटर होते तेव्हा हे चालून जायचं. आताचे ॲल्युमिनियमचे, नळ्या चपट्या आणि अरुंद. तिथं हळदीला भोक आणि नळी यातला फरक कळत नाही. मी चिडलो. आबा म्हणाले, "अरं, एक फेरी मारून तर बघ." मारली. बाटली जेमतेम बोटभर उतरली होती. आबा दोन दिवस छाती काढून फिरले. तिसऱ्या फेरीला पुन्हा लिटरभर पाणी गेलं, आणि आता काटा सपाटीवरही मध्याच्या वर राहायला लागला.

मग गाडी गॅरेजला नेली. कुठल्या ते सांगत नाही, माणसं वाईट नाहीत. फिटरने बॉनेट उघडलं, पिवळं पाणी बघून मान हलवली, गाडीखाली डोकावला, कुठं ओल नाही म्हणाला आणि निकाल देऊन टाकला: "बाहेर पडत नाय म्हणजे आत जातंय. हेड गॅस्केट. हेड उतरवायचं, फेसिंग करायचं. बावीस हजार धरा, चार दिवस." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचं इंजिन यांच्यामधलं पातळ पॅकिंग, आणि फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. तर्क खोटा नव्हता. पाणी बाहेर दिसत नसेल तर ते इंजिनात जळत असणार, हे कुणालाही पटेल. पण बावीस हजार आणि चार दिवस म्हणजे माझ्या सीझनचा कणाच मोडणार होता. विचार करून सांगतो म्हणालो आणि गाडी घरी आणली.

हेड गॅस्केट गेलं तर काय काय दिसायला हवं, ते मी आधी तपासलं. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ चहासारखा चिकटा हवा. तिथं स्वच्छ काळं ऑइल होतं. ऑइलची पट्टी काढून बघितली, पातळी वाढलेली नाही. थंड गाडीचं टोपण उघडं ठेवून स्टार्टर मारला, तर सिलिंडरमधली हवा पाण्यात घुसून बुडबुडे सतत यायला हवेत. सुरुवातीला चार-सहा आले आणि थांबले. वरचा पाइप स्टार्ट केल्या केल्या दगडासारखा कडक होत नव्हता, गाडी तापेल तसा सावकाश होत होता. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. म्हणजे गॅस्केट बरंच निर्दोष दिसत होतं. छातीठोक सांगता येत नव्हतं, पण बावीस हजार घालण्याइतका पुरावा नक्कीच नव्हता.

आता माझ्या चुका. मी पाण्याची पातळी घाटाच्या पायथ्याला टोकावड्याला बघायचो आणि पुन्हा वर खुबीला. दोन्ही वेळा गाडी गरम, पण सारखी गरम नाही. तापलेलं पाणी फुगतं आणि बाटलीत चढतं, त्यामुळे एकदा तर पाणी वाढलेलं दिसलं! दोन दिवस या आकड्यांवर डोकं चालवलं, सगळं वाया. शेवटी बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि ठरवलं, की फक्त सकाळी, रात्रभर थंड झालेली गाडी बघायची. त्यात एक गोष्ट लख्ख कळली. गावातल्या गावात शंभर किलोमीटर फिरलो तरी रेघ हलत नाही. घाट चढून आलो की उतरते. म्हणजे जे काही होतं ते इंजिनावर जोर आला, दाब आणि उष्णता दोन्ही वाढली, की होतं.

दाबाचं हे गणित समजून घेण्यासारखं आहे. रेडिएटरचं टोपण हे नुसतं झाकण नसतं, त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. माझ्या टोपणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे ०.९ बार, पंक्चरवाल्याच्या भाषेत साधारण १३ हवा. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८-११९ अंशांना उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याच्याही वर. म्हणून टोपण ढिलं पडलं तर कुठंही भोक नसताना गाडी पाणी बाहेर टाकते. पहिला संशय मी टोपणावरच घेतला आणि नवीन बसवलं. फरक शून्य. पण जुनं टोपण फेकलं नाही, ते पुढं कामाला आलं.

रात्री गाडीखाली क्रेटमधले पुठ्ठे उसवून अंथरले. सकाळी त्यावर डाग! मी खूश. बोटाने चाचपला तर चिकट. वास घेतला तर टोमॅटो. मागच्या हौद्यातल्या फुटक्या मालाचं पाणी चासीवरून ओघळत पुढं आलं होतं. त्यातून एक मात्र डोक्यात बसलं: पाणी जिथं पडतं तिथून ते निघालेलं असतंच असं नाही. चासी, क्रॉस मेंबर, वायरिंगची नळी, जे सापडेल त्याला धरून ते हातभर पुढं-मागं जातं.

मग वॉटर पंप. आमच्याकडे फिटर त्याला वॉटर बॉडी म्हणतात. त्याचं आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून खाली एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. तिथं ओल किंवा वाळलेला क्षार दिसला तर पंप गेला समजायचं. पण ते छिद्र पट्ट्याच्या मागे, खालच्या अंगाला. डोकं जात नाही, मोबाइल जातो पण फोटोत सगळं काळं. शेवटी आईच्या फणीच्या पेटीतला हातभर जुना आरसा आणला, बॅटरी दातात धरली आणि बघितलं. छिद्र कोरडं ठणठणीत.

गॅरेजवाल्यांकडे दाबाने तपासायचं यंत्र असतं. माझ्याकडे जुनं टोपण होतं. त्यातली स्प्रिंग आणि आतला तुकडा काढून टाकला, मधोमध भोक पाडलं आणि पंक्चरच्या दुकानात नेलं. म्हटलं, यात ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह ओढून दे. त्याने आधी टोपणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शेठ, हे कुठल्या टायरचं?" व्हॉल्व्ह छान बसला. एक बारकावा सांगतो, कारण त्यात माझा अर्धा तास गेला: स्प्रिंग काढल्यावर टोपण फक्त वरच्या कडेला आवळतं, त्यामुळे बाटलीकडे जाणाऱ्या छोट्या नळीतून हवा निसटते. ती नळी काढून तिच्यात बोल्ट ठोकला तेव्हा कुठं दाब टिकला.

गाडी थंड. मीटरवाला पायपंप लावून १३ पर्यंत हवा भरली. जास्त भरायची नाही. पाइप आणि रेडिएटर तेवढ्याचसाठी बनलेले असतात, उगाच नवीन भोक पाडून घ्यायचं. पंधरा मिनिटांत काटा ११ वर आला. म्हणजे गळती आहे, आणि बाहेरची असायची शक्यता मोठी. पण कुठं? आरसा फिरवला, हात फिरवला, टिपकागद फिरवला. इंजिनाच्या मागच्या बाजूला सगळीकडे धूळ आणि ऑइल यांचं मिळून झालेलं काळं मेण. त्यावर पाणी पडलं तरी दिसणार कसं?

मग म्हटलं, आधी धुवून घेऊ. ताजी ओल दिसायची तर जागा स्वच्छ पाहिजे. बॅटरीची वायर सोडली, अल्टरनेटरवर आणि हवेच्या फिल्टरवर प्लॅस्टिक बांधलं, बादलीत धुण्याची पावडर कालवली आणि जुना दाढीचा ब्रश घेऊन बसलो. पुढून मागे घासत गेलो. काळा फेस, करडा फेस. आणि इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला, ब्रश फिरवला तर फेस लाल.

मला आधी वाटलं बोट कापलं. हात बघितला, ठीक होता. पुन्हा ब्रश फिरवला, पुन्हा कुंकवासारखा लाल. दोन मिनिटं तसाच बसून राहिलो आणि मग एकदम ट्यूब पेटली. पांढऱ्या सदऱ्यावर कालवण सांडलं आणि त्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे कुठल्या घरात माहीत नाही? हळद खारात लाल पडते, कुंकू करताना तेच तर करतात. आणि इंजिनाच्या मागे हळद यायचा एकच रस्ता होता.

मोठमोठ्या गॅरेजमध्ये गळती शोधायला कूलंटमध्ये चमकणारा रंग घालतात आणि निळसर दिव्याखाली बघतात. आबांनी तेच केलं होतं, फक्त दिव्याच्या जागी धुण्याची पावडर.

पुढचं सोपं झालं. पाण्याने सगळा फेस काढला आणि बोटाने साबण लावत लावत लाल रंग वर कुठपर्यंत जातो ते बघत गेलो. खालच्या बाजूला तो सगळीकडे पसरलेला, त्याला काही अर्थ नाही. गळतीत नेहमी सगळ्यात वरचा डाग खरा. तो थांबला एका वीतभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड, काटकोनात वळलेल्या पाइपाशी. इजीआर कूलरला पाणी नेणारा पाइप. इजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडायची व्यवस्था. त्याने जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. तो धूर आधी गार करावा लागतो, म्हणून तिथपर्यंत कूलंट न्यायचं. वरून बघाल तर हवेच्या नळीखाली झाकलेला, खालून बघाल तर गिअरबॉक्सच्या आड. या गाडीला असा पाइप आहे हेच मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

गाडी पाच मिनिटं चालवून बंद केली. पाणी नुसतं कोमट झालं, टोपण हाताने बिनधास्त उघडता येईल इतपत. पुन्हा १३ हवा. आरसा धरला. क्लिपच्या कडेलगत पाइपावर एक ठिपका फुगला, थरथरला आणि त्यातून केसासारखी बारीक धार सुटली. धार खाली पडतच नव्हती. ती सरळ समोर सायलेन्सरच्या पाइपावरच्या पत्र्यावर आपटत होती, आणि त्या पत्र्यावर पापडखारासारखा करडा-पांढरा थर साचला होता. घाटात तो पत्रा किती तापत असेल! आलेलं पाणी तिथल्या तिथं वाफ होऊन जात होतं. रस्त्यावर पडायला उरत होतं कुठं? घाट चढताना मला मधूनच काकवीसारखा गोडसर वास यायचा, मी तो शेजारून जाणाऱ्या गाडीच्या मालाचा समजत होतो. तो माझाच होता, कूलंटचा. (वास गोड आणि चवही गोड असते म्हणतात, पण इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे. सांडलं तर लगेच पाणी ओता. कुत्री चाटतात आणि मरतात.)

पाइप काढायला हवेची नळी, एक ब्रॅकेट आणि माझ्या बोटांची सालं काढावी लागली. तीन तास. बाहेर आल्यावर कारण डोळ्यांनी दिसलं. मूळची स्प्रिंगची क्लिप जाऊन आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी स्क्रूची क्लिप लावली होती, तीही जीव तोडून आवळलेली. तिच्या पट्टीच्या खाचा रबरात रुतल्या होत्या. वरून ऑइलचा पाझर, त्याने रबर फुगून लिबलिबीत झालेलं. ब्लेडने पाइप उभा चिरला. बाहेरून सुईच्या टोकाएवढं भोक, पण आतल्या अंगाला नखभर चीर होती, आणि तिच्यात हळदीचा घट्ट गोळा बसलेला. म्हणजे ती एक फेरी आबांच्या हळदीने खरंच तोलून धरली होती.

नवा पाइप दोनशे चाळीस रुपयांना मिळाला, दोन स्प्रिंगच्या क्लिपा वेगळ्या. बावीस हजार वाचले, पण सगळे नाहीत. कारण आता आबांच्या औषधाचं बिल येणार होतं. रेडिएटर रिकामा केला तर खालून पिवळं धम्मक पाणी आलं. तीनदा धुतलं, चौथ्यांदाही पिवळं. गाडी सपाटीवर गरम राहत होती ती यामुळे. शेवटी रेडिएटर उतरवून आळेफाट्याला रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने उलट्या बाजूने पाण्याचा दाब सोडला आणि जाळीतून चिखलासारखा लगदा निघाला. "लग्नघर आहे काय?" त्याने विचारलं. चौदाशे रुपये.

भरताना बोअरचं पाणी घातलं नाही. आमच्याकडच्या बोअरला इतका क्षार आहे की चहाच्या पातेल्यावर थर बसतो. तो इंजिनात नको. तयार कूलंट आणलं. माळशेजला कूलंट गोठायची भीती नाही, पण त्यातली गंज थांबवणारी द्रव्यं पाहिजेतच, आणि उकळबिंदू वर जातो तो वेगळा फायदा. गाडीचं तोंड चढावर केलं, टोपण उघडं ठेवलं, हीटरचं बटण गरमवर फिरवलं आणि इंजिन चालू ठेवून हवा निघू दिली. वीसेक मिनिटं गुडगुड होत होतं. मध्येच एक मोठा बुडबुडा फुटला आणि पातळी एकदम चार बोटं खाली गेली. ती हवा आत राहिली असती तर खुबीचाच खेळ पुन्हा झाला असता.

त्याच रात्री भाडं होतं, ऐंशी क्रेट. गेलो, आलो, भर दुपारी घाट चढलो. सकाळी रेघ बघितली: जिथल्या तिथं. दुसऱ्या फेरीलाही. पाचव्या फेरीनंतर बघायचं सोडून दिलं, तरी हात आपोआप बाटलीकडे जातो. बाटलीच्या तळाशी एक पिवळं कडं राहिलंय, ते काही घासून जात नाही.

आबा पारावर सांगतात, की फिटरला जमलं नाही ते हळदीने शोधून दिलं. चौदाशेचं सांगत नाहीत. आईने आरसा दोनदा धुतला, पेटीत परत ठेवला नाही, न्हाणीघराच्या खिळ्याला टांगला. आणि व्हॉल्व्ह बसवलेलं ते जुनं टोपण सध्या माझ्याकडे नाही. पंक्चरवाल्याने चार जणांना त्याची गोष्ट सांगितली, त्यातला डिंगोऱ्याचा एक जण येऊन घेऊन गेला. उद्या देतो म्हणाला होता, आठवडा झाला.